तळपायावरील काळा डाग : मेलॅनोमाची उत्पत्ती, वाढ आणि प्रसार

कर्करोग म्हटले की हुबळी-धारवाड परिसरातील सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग, स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा किंवा स्तनाचा कर्करोग उभा राहतो, आणि ते स्वाभाविक आहे. हेच कर्करोग आपल्याकडे अधिक प्रमाणात आढळतात. त्यांच्या तुलनेने मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग फार विरळा. भारतात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी त्याचा एक रुग्णही आढळत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र हेच प्रमाण तीसहून अधिक आहे. सन २०२२ मध्ये साऱ्या जगात मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ५९ हजार रुग्ण दगावले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

विरळा असला तरी या रोगाची माहिती खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. पोटातील किंवा फुप्फुसातील गाठ डोळ्यांना दिसत नाही. मेलॅनोमा बहुधा उघड्या डोळ्यांना दिसेल अशा जागी सुरू होतो, आणि त्या अवस्थेत तो एका साध्या शस्त्रक्रियेने समूळ काढून टाकता येतो. असे असूनही आपल्याकडील अनेक रुग्ण रोग शरीरात पसरल्यावरच रुग्णालयात येतात. त्याचे मुख्य कारण अज्ञान हेच होय. भारतीयांमध्ये हा रोग ज्या जागी विशेषेकरून होतो, ती जागा म्हणजे तळपाय. शेतकरी आणि श्रमिक यांच्या तळपायाकडे कोणाचेही, त्यांचे स्वतःचेदेखील, सहसा लक्ष जात नाही.

नाव आणि इतिहास

ग्रीक भाषेत ‘मेलास’ म्हणजे काळा. त्या शब्दावरून या रोगाला नाव मिळाले. इंग्लंडमधील विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८७ साली एका रुग्णाच्या जबड्याजवळची काळी गाठ कापून काढली व ती जतन करून ठेवली. ती मेलॅनोमाची होती, हे पुढे विसाव्या शतकातील तपासणीत सिद्ध झाले. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रेंच वैद्य रेने लॅनेक यांनी १८०६ साली या काळ्या गाठींचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले. तळहात, तळपाय व नखांखाली होणारा मेलॅनोमा हा एक वेगळा प्रकार असल्याचे अमेरिकेतील रिचर्ड रीड यांनी १९७६ साली दाखवून दिले. आपल्या दृष्टीने हाच प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे.

रंगपेशींचे कार्य

रोग समजून घेण्यासाठी प्रथम निरोगी त्वचेची रचना पाहिली पाहिजे. त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि तिच्याखालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, लसिकावाहिन्याही नसतात. या दोन्ही वाहिन्यांचे जाळे अंतस्त्वचेत असते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. रोगाच्या प्रसाराचे सारे मर्म त्यात आहे.

बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या रांगेत, साधारणतः दहा पेशींमागे एक या प्रमाणात, रंगपेशी बसलेल्या असतात. गर्भावस्थेत या पेशी मज्जासंस्थेच्या मूळ उतींपासून निघतात व प्रवास करीत त्वचेत येऊन स्थिरावतात. ‘मेलॅनिन’ नावाचे काळसर रंगद्रव्य तयार करणे आणि त्याचे कण आपल्या शाखांवाटे आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना पोहोचविणे, हे त्यांचे काम. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशींच्या केंद्रकाला इजा करतात. मेलॅनिनचे कण छत्रीप्रमाणे त्या केंद्रकावर आच्छादन धरतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांच्या त्वचेतील रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्यांनी तयार केलेल्या रंगद्रव्याचा. सावळ्या त्वचेला हे नैसर्गिक संरक्षण भरपूर लाभलेले असल्यामुळे भारतीयांमध्ये मेलॅनोमा कमी प्रमाणात आढळतो.

रोग उत्पन्न कसा होतो

प्रत्येक पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे आणि केव्हा नष्ट व्हावे याच्या आज्ञा तिच्या जनुकांत असतात. या जनुकांत बिघाड साचत गेला की रंगपेशी थांबण्याची आज्ञा मानीनाशी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी तिची अनिर्बंध वाढ सुरू होते. ‘ब्राफ’ नावाच्या जनुकातील बिघाड त्वचेवरील मेलॅनोमाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत असतो, हे २००२ साली उघडकीस आले. तळपायाच्या व श्लेष्मल त्वचेच्या मेलॅनोमात मात्र हा बिघाड कमी वेळा दिसतो. त्यांतील काही रुग्णांत ‘किट’ नावाच्या जनुकात दोष आढळतो.

गोऱ्या लोकांत अतिनील किरण हे या रोगाचे प्रमुख कारण आहे. तळपायावर ऊन पडत नाही, तेव्हा तेथील मेलॅनोमाला ऊन जबाबदार धरता येत नाही. शरीराचा भार जेथे पडतो अशा टाच व चवडा या भागांवर तो अधिक आढळतो, असे काही संशोधकांचे निरीक्षण आहे. परंतु काटा बोचल्याने किंवा ठेच लागल्याने हा रोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक वेळा असे घडते की, डाग आधीपासूनच असतो आणि ठेच लागल्यावर माणसाचे लक्ष प्रथमच तिकडे जाते. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याची चप्पल घातल्याने किंवा त्याच्या जखमेची मलमपट्टी केल्याने तो कोणालाही होत नाही.

आधी आडवी वाढ, मग उभी वाढ

मेलॅनोमाची वाढ बहुधा दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात बिघडलेल्या पेशी बाह्यत्वचेतच कागदावर शाई पसरावी तशा आडव्या पसरतात. वरून पाहणाऱ्याला सपाट, काळा किंवा तपकिरी डाग हळूहळू मोठा होताना दिसतो. तो दुखत नाही, खाजत नाही, कामात अडथळाही आणत नाही. हा टप्पा कित्येक महिने, कधी कधी काही वर्षे टिकतो. बाह्यत्वचेत वाहिन्याच नसल्यामुळे या अवस्थेत रोगाला शरीरात जाण्याची वाट मिळत नाही. डागासह त्वचेचा तेवढा भाग काढला की रुग्ण बरा होतो.

दुसऱ्या टप्प्यात पेशी खाली उतरू लागतात. निरोगी रंगपेशीला शेजारच्या पेशींशी बांधून ठेवणारे एक प्रथिन असते. कर्कपेशी ते प्रथिन गमावते आणि बंधनातून सुटते. त्वचेच्या दोन थरांमधील पडदा विरघळविणारे स्राव ती सोडते व अंतस्त्वचेत शिरते. आता डागावर गाठ उठते, ती चिघळते, तिच्यातून रक्त किंवा पाणी येते. ‘गाठोळी’ प्रकारच्या मेलॅनोमात तर आडव्या वाढीचा टप्पा जवळजवळ नसतोच. गाठ आरंभापासूनच खोल जाते.

ही खोली म्हणजेच रुग्णाच्या भवितव्याचे माप होय. अमेरिकेतील डॉक्टर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली असे दाखविले की, गाठीची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजली असता रोग किती धोक्याचा आहे हे सांगता येते. आजही जगभर हेच माप वापरले जाते. १ मिलिमीटरपर्यंत, १ ते २, २ ते ४ आणि ४ मिलिमीटरहून अधिक, अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार, १ मिलिमीटरपर्यंत जाडी असलेली गाठ वेळीच काढल्यास दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. जाडी ४ मिलिमीटरच्या पुढे गेली की ही आशा बरीच कमी होते. जीवन आणि मृत्यू यांमधील अंतर येथे अवघ्या तीन-चार मिलिमीटरचे आहे.

रोग शरीरात पसरतो कसा

अंतस्त्वचेत पोहोचलेल्या कर्कपेशींपुढे दोन मार्ग खुले होतात. पहिला मार्ग लसिकावाहिन्यांचा. पायाला जखम झाली असता जांघेत गाठ येऊन दुखू लागते, तिला ग्रामीण भागात ‘अवधाण आले’ असे म्हणतात. पायाकडून येणारी लसिका जांघेतील ग्रंथींत गाळली जाते, म्हणून हे घडते. मेलॅनोमाच्या पेशीही याच वाटेने जातात आणि जांघेतील ग्रंथीत ठाण मांडतात. साध्या जखमेचे अवधाण दुखते व जखम भरल्यावर ओसरते. कर्कपेशींमुळे वाढलेली ग्रंथी बहुधा दुखत नाही, कठीण लागते आणि वाढतच जाते. हातावरील मेलॅनोमात अशीच गाठ काखेत येते. वाटेतच काही पेशी अडकून राहिल्या तर मूळ डागाच्या आसपास किंवा घोटा ते मांडी या भागात त्वचेखाली लहान लहान काळ्या गाठी उठतात.

दुसरा मार्ग रक्तवाहिन्यांचा. रक्ताबरोबर वाहत गेलेल्या पेशी फुप्फुसे, यकृत, मेंदू, हाडे आणि आतडी यांत रुजतात. फुप्फुसात गेल्यास खोकला व दम लागणे, मेंदूत गेल्यास डोकेदुखी, झटके किंवा अंगाचा एक भाग लुळा पडणे, हाडात गेल्यास सततची वेदना, अशी लक्षणे दिसतात. कधी कधी मूळ गाठ काढल्यावर अनेक वर्षांनीही रोग पुन्हा डोके वर काढतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर ‘आता बरे वाटते’ म्हणून तपासणीस जाणे थांबविणे योग्य नव्हे.

त्वचेखेरीज डोळ्यात, तोंडातील टाळूवर, नाकात आणि गुदद्वारातही रंगपेशी असतात. तेव्हा मेलॅनोमा तेथेही होऊ शकतो. टाळूवर किंवा हिरडीवर नव्याने आलेला काळा डाग दंतवैद्याला अवश्य दाखवावा. गुदद्वारातील मेलॅनोमातून रक्त पडते आणि रुग्ण मूळव्याध समजून वर्षभर उपचार घेत राहतो. डोळ्याच्या आतील मेलॅनोमा रक्तमार्गाने विशेषतः यकृताकडे जातो.

ओळखावे कसे

अंगावर तीळ कोणाला नसतात? भारतीयांच्या तळपायांवर निरुपद्रवी काळसर ठिपकेही पुष्कळदा असतात. प्रत्येक तिळाची धास्ती घेण्याचे कारण नाही. पुढील पाच गोष्टी मात्र पाहाव्यात. डागाचे दोन अर्धे भाग एकमेकांसारखे आहेत की वेडेवाकडे. कडा रेखीव आहे की नकाशातील किनाऱ्यासारखी तुटक. रंग एकसारखा आहे की काळा, तपकिरी, निळसर, पांढरट असा मिश्र. व्यास ६ मिलिमीटरहून, म्हणजे पेन्सिलीच्या मागील रबराहून, मोठा आहे काय. आणि गेल्या काही महिन्यांत त्यात बदल झाला आहे काय. पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो तीळ बालपणापासून आहे तसाच आहे, त्याविषयी सहसा चिंता नको. जो प्रौढ वयात नव्याने आला आणि वाढत चालला, तो डॉक्टरांना दाखविलाच पाहिजे.

नखांच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. ठेच लागून नखाखाली रक्त साकळले असेल, तर नख वाढेल तसा तो काळा डाग टोकाकडे सरकतो आणि पायाच्या अंगठ्याच्या बाबतीत साधारण वर्ष-दीड वर्षात निघून जातो. मेलॅनोमाचा पट्टा मुळापाशी कायम राहतो, रुंद होतो आणि त्याचा काळेपणा नखालगतच्या कातडीवरही उतरतो. कातडीवर उतरणाऱ्या या काळेपणाचे वर्णन इंग्लंडचे जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर बारीक उभ्या रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर प्रौढ वयात नव्याने उमटलेली रेघ मात्र दुर्लक्षू नये. जगप्रसिद्ध जमैकन गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली असाच मेलॅनोमा आढळला. तो पुढे फुप्फुसांत व मेंदूत पसरला आणि ११ मे १९८१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हा रोग केवळ गोऱ्या कातडीचा आहे, हा समज चुकीचा असल्याचे याहून बोलके उदाहरण नाही.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. काही मेलॅनोमांत रंगद्रव्य नसते. ते गुलाबी किंवा लालसर गाठीच्या रूपात येतात. तळपायावरील जखम महिना-दीड महिना औषधोपचार करूनही भरत नसेल, तर ती काळी नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

विलंब कोठे होतो

नवलगुंदच्या काळ्या रानात कापणीला जाणारा मजूर असो वा कलघटगीच्या भातशेतीत राबणारी स्त्री असो, पायाची दुखणी त्यांना नवी नसतात. समजा, अशा एखाद्याच्या टाचेवर काळा डाग आला. पहिल्याने तो ‘काटा मोडला असेल’ म्हणून सुईने कोरतो. मग ‘कुरूप झाले’ म्हणून ब्लेडने तासतो किंवा बिब्ब्याचा चटका देतो. रक्त आले की हळद भरतो. चामखीळ समजून तिला घोड्याचा केस बांधण्याची चालही कोठे कोठे आहे. या प्रत्येक उपायात महिने जातात, आणि तेवढ्या अवधीत गाठ मिलिमीटर-मिलिमीटरने खाली उतरत असते. पुढे जांघेत गाठ येते, तेव्हा रुग्णालयाची वाट धरली जाते.

याच्या जोडीला एक भीती सर्वत्र दिसते. ‘गाठीला सुरी लागली की रोग अंगभर पसरतो’, असे लोक समजतात. वस्तुस्थिती निराळी आहे. शल्यचिकित्सकाने रीतसर काढलेला तपासणीचा तुकडा रोग पसरवीत नाही. त्याशिवाय निदानच होऊ शकत नाही. घातक आहे तो अर्धवट काप, डाग जाळणे आणि काढलेली गाठ न तपासता फेकून देणे. गाठ कितीही लहान असो, ती काढल्यावर विकृतिशास्त्रज्ञाकडे तपासणीस पाठविली आहे ना, हे रुग्णाने व नातेवाइकांनी अवश्य विचारावे. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. तो रुग्णाचा अधिकार आहे.

उपचार

शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. गाठीभोवतीची निरोगी दिसणारी त्वचाही, गाठीच्या जाडीनुसार साधारणपणे १ ते २ सेंटिमीटरपर्यंत, काढावी लागते. जागा मोठी असल्यास तेथे दुसरीकडील त्वचा बसवितात. नखाखालील रोग वाढलेला असल्यास बोटाचा भाग काढण्याची वेळ येते. रोग प्रथम ज्या ग्रंथीत जाण्याचा संभव असतो ती ‘पहारेकरी ग्रंथी’ शोधून तपासण्याची पद्धत डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. तीमुळे सर्वच ग्रंथी काढण्याचा त्रास पुष्कळ रुग्णांना टळतो.

पसरलेल्या मेलॅनोमावर पूर्वी परिणामकारक औषध नव्हते. सन २०११ पासून चित्र पालटले. शरीराच्या संरक्षक पेशींना कर्करोग रोखून धरतो, तो अडथळा दूर करणारी औषधे निघाली. या तत्त्वाच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा दोन औषधांचा एकत्र उपयोग केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. तथापि ही औषधे अत्यंत महाग आहेत आणि तळपायाच्या मेलॅनोमावर त्यांचा गुण तुलनेने कमी येतो. तेव्हा आपल्या भागातील रुग्णाची खरी आशा औषधाच्या बाटलीत नसून वेळीच केलेल्या तपासणीत आहे.

सोयी आणि कर्तव्ये

या परिसराला तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. हुबळीच्या विद्यानगरात १९५७ साली सुरू झालेले आणि ‘किम्स’ या नावाने लोकांना परिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान नवनगर येथे कर्करोगासाठी स्वतंत्र उपचार व संशोधन संस्था आहे. धारवाडला जिल्हा रुग्णालय आहे. विशेष उपचारांसाठी बेंगळूरची किदवाई संस्था आणि मुंबईचे १९४१ साली स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय यांचा आधार आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर नेऊन रुग्णालयातील योजना कक्षात चौकशी करावी.

गावपातळीवर करण्याजोगे काम थोडे, परंतु मोलाचे आहे. मधुमेही व्यक्तींना तळपाय रोज पाहण्याचा सल्ला दिलाच जातो. तोच सल्ला चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा पाळावा. आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातील मुला-नातवंडांकडून पाहून घ्यावीत. आशा कार्यकर्तीने घरभेटीच्या वेळी वृद्धांच्या तळपायांवर एक दृष्टी टाकावी. शिक्षकांनी त्वचेचा पाठ शिकविताना वरील पाच खुणा मुलांना सांगाव्यात. मुले त्या घरी जाऊन आजी-आजोबांना सांगतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी न भरणारी जखम दिसताच रुग्णास मोठ्या रुग्णालयात धाडावे आणि चिठ्ठीत डाग केव्हापासून आहे, हे आवर्जून लिहावे.

डागाचा आकार पेन्सिलीने कागदावर उतरवून त्यावर तारीख टाकणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. महिन्याने तोच कागद डागाशी ताडून पाहावा. फरक दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. सुगी संपेपर्यंत किंवा सण उरकेपर्यंत थांबू नये.